रांगेचा घास

शनिवार, ४ मे

मला न विचारता पोरीच्या कानात बोंडं घातली. दोन दिवसांचं लेकरू, माझी नात, आणि मी आजी तिथंच स्टुलावर बसलेली. एक बाई हातात डबा घेऊन आली, पोरीच्या कानांना त्याच्या वायरीची रबरी बोंडं लावली, डब्यावर लाल दिवा लागला. तर म्हणते, "दहा दिवसांनी परत बघू." काय बघू, कशाचं बघू, काही नाही. म्हटलं, "बाई, दिवा बिघडलाय तुमचा." ती हसली. उत्तर द्यायच्या जागी जो हसतो त्याच्यावर माझा भरवसा नाही.

म्हणून ही वही काढली. बोललेलं लोक उद्या फिरवतात. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, त्यातली दोन वर्षं धाकट्या भावाला काखेत घेऊन. काना-मात्रा चुकेल. ज्याला खुपेल त्यानं वाचू नये.

नात गुरुवारी झाली. वजनाला कमी, अगदी मुंगी. अंगावर बारीक लाल-जांभळे ठिपके, कुणी टाचणीनं टोचावं तसे. हे ठिपके हॉस्पिटलातच आले असणार, आमच्या घरात असलं काही नाही. सूनबाई ठीक. मुलगा बोटीवर, इंजिनखोलीत. अजून दोन महिने त्याला जमिनीवर पाय ठेवायची सोय नाही.

मंगळवार, ७ मे

मुंगीला घरी आणलं. पाळणाघर पाच दिवस शेजारणीच्या हवाली होतं, ते ताब्यात घेतलं. पाच दिवसांत तिनं आठ पोरांची आठ तऱ्हेची चव करून ठेवली. एकाला वाटी वेगळी, दुसरीला चमचा वेगळा, आणि खात कुणीच नाही. मी सव्वीस वर्षं पाळणाघर चालवते. माझी पद्धत एकच. भिंतीला पाठ लावून सगळ्यांना रांगेत बसवायचं, एक मोठी ताटली, एक चमचा, मऊ भात नाहीतर कुस्करलेला बटाटा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेक घास, मग परत पहिल्यापासून. शेजारच्याच्या तोंडात घास गेलेला दिसला की पोर आपसूक आ करतं. याला मी रांगेचा घास म्हणते. डॉक्टरांची पोरंसुद्धा जेवलीत माझ्याकडे.

ताटलीत उरेल ते टाकायचं नाही. पूर्वी मी खायचे. सूनबाईला दिवस गेले तेव्हापासून ते तिच्या वाट्याचं. बाईमाणसानं पोटात लेकरू असताना अन्नाला नाही म्हणू नये. आधी तिनं नाक मुरडलं. "अहो आई, उष्टं आहे ते." म्हटलं, "लेकरांचं उष्टं म्हणजे काय विष? उद्या स्वतःचं होईल तेव्हा हातमोजे घालून भरवणार का?" मग मुकाट्यानं खायला लागली. एकुलती एक मुलगी, घरात दुसरं लहान मूल कधी बघितलेलं नाही, शिकवावं लागतं सगळं.

आज ती आतल्या खोलीत होती तरी गोगलगाय दाराशी जाऊन बसला. दीड वर्षाचा आहे. जिथं जाईल तिथं लाळेची रेघ, म्हणून गोगलगाय. सूनबाईशिवाय त्याचं पान हलत नाही. गेलं वर्षभर तिच्याच मांडीवर, तिच्याच खांद्यावर, तोंडात तिचीच बोटं. आई नाही त्याला. बाप घड्याळं दुरुस्त करतो, कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे.

शुक्रवार, १० मे

घड्याळजी संध्याकाळी पोराला न्यायला आला तो दारात उभाच. सूनबाई मुंगीला घेऊन बाहेर आली. मी मोजलं, अकरा मिनिटं. दोघं हळू बोलत होते. मी जवळ गेले तर गप्प. विचारलं, "काय चाललंय?" म्हणे, "काही नाही आई, गोगलगायचं बोलत होतो." गोगलगायचं अकरा मिनिटं काय बोलणार? तो अजून 'दे' आणि 'नको' एवढंच बोलतो.

सोमवार, १३ मे

परत हॉस्पिटल. परत डबा, परत दिवा लाल. दोन्ही कानांना. आता एक डॉक्टरीणबाई आल्या. तरण्या आहेत, हसत नाहीत, तेवढं बरं वाटलं. त्यांनी मुंगीचं डोकं टेपनं मोजलं, ठिपके बघितले, पोट दाबलं. सूनबाईला विचारलं, "गरोदरपणात ताप आला होता का?"

ती म्हणाली, "तिसऱ्या महिन्यात. चार-पाच दिवस. गळ्यात गाठी आल्या होत्या, उठवत नव्हतं."

मला आठवतंय. ऑक्टोबर. मी तेव्हा म्हटलं होतं, सगळ्या बायकांना होतं, तू एकटीच पोटुशी नाहीस. मुलगा तर सप्टेंबरातच बोटीवर गेला होता.

डॉक्टरीणबाईंनी सूनबाईचं रक्त काढून घेतलं. म्हणाल्या, रक्ताचं कळलं की बाळाचा नमुना घेऊ, फोन करू. आणि एक घडीचा कागद दिला. तो मी माझ्या पिशवीत टाकला.

मंगळवार, १४ मे

पोरं झोपल्यावर तो कागद वाचला. सायटोमेगॅलोव्हायरस. एवढं नाव वाचायलाच पोरांची झोप संपत आली. ज्यानं ठेवलं त्याला कधी हाक मारून बोलवायची वेळ आली नसणार. पुढं लिहिलंय की हा विषाणू खूप लोकांच्या अंगात असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. साधा ताप येतो, जातो, आणि तो आत मुक्काम ठोकतो, जन्मभराचा. भाडं न देता राहणारा पाहुणा. पण गरोदर बाईला पहिल्यांदाच झाला तर पोटातल्या बाळाला त्रास होऊ शकतो. कान जाऊ शकतो. डोळे, डोकं, काहीही.

मग लिहिलंय कशातून पसरतो. लाळ, लघवी, रक्त, अंगावरचं दूध, शरीरसंबंध.

पहिली चार मी ओलांडून गेले. पाचव्यावर बोट ठेवून बसले.

नवरा सप्टेंबरात गेला. ताप ऑक्टोबरात आला. दारात अकरा मिनिटं. मी चौथी पास आहे, पण वजाबाकी मला येते.

गुरुवार, १६ मे

सूनबाईवर लक्ष ठेवलं. फोनवर बोलताना खिडकीकडं तोंड करते. मुंगीला पाजताना डोळे पुसते. निर्दोष बाई रडेल कशाला? मी विचारलं, "काही सांगायचंय का मला?" म्हणाली, "अहो आई, हिला ऐकू येत नसेल तर काय करायचं?" मी म्हटलं, "ते नाही विचारलं मी."

संध्याकाळी घड्याळजीला दारात उभं राहू दिलं नाही. गोगलगायला आधीच बूट घालून पायरीवर ठेवला. घड्याळजी म्हणाला, "आज घाई आहे वाटतं, आजी?" म्हटलं, "इथं सगळ्यांनाच आहे."

शुक्रवार, १७ मे

फोन आला. पाळणाघराच्या खोलीतला, भिंतीवरचा. हॉस्पिटलातली पोरगी होती. सूनबाईचं नाव घेऊन विचारलं, "आपणच बोलताय ना?"

मी म्हटलं, "हो, मीच."

म्हणाली, "तुमच्या रक्तात ते निघालंय, आणि नव्यानं झालेलं दिसतंय. बाळाला लगेच घेऊन या. लघवी आणि तोंडातली लाळ तपासायची आहे. एकवीस दिवसांच्या आत घ्यावं लागतं, म्हणजे तेवीस तारीख शेवटची. त्यानंतर ते पोटात असताना झालं की बाहेर आल्यावर, हे खात्रीनं सांगता येत नाही. आणि औषध पहिल्या महिन्याच्या आतच सुरू केलेलं बरं. उशीर करू नका, बाळाच्या ऐकण्याचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला.

सूनबाई आतून म्हणाली, "कुणाचा होता?"

म्हटलं, "चुकून लागला."

हे का केलं ते लिहून ठेवते. हॉस्पिटलात गेलं की डॉक्टरीण विचारणार, कुठून लागलं. चारचौघांत उत्तर निघणार. माझ्या मुलाच्या घराचं उत्तर मला आधी कळलं पाहिजे, मग इतरांना. तेवीसला अजून सहा दिवस आहेत. मी काही पोरीचं वाईट करत नाही.

रविवार, १९ मे

मुलाचा फोन. दर रविवारी अकराला करतो, भिंतीवरच्या फोनवर, सगळ्यांशी बोलता यावं म्हणून. एरवी सूनबाई धावते, आज मी आधी पोचले. मी त्याला सांगितलं. जास्त नाही. एवढंच की बाळाचा आजार आईकडून आलाय, आईला नवीन लागलाय, आणि तू तर सप्टेंबरात गेलास. "बायकोला विचार, ताप कुठून आणला."

मागं इंजिनाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "आई, तुला खात्री आहे?" म्हटलं, "कागदावर छापलंय." सूनबाई ओले हात पुसत आली, तिच्या हातात फोन दिला, तोवर त्यानं ठेवून दिला होता.

"लाइन गेली वाटतं," ती म्हणाली. परत येईल म्हणून स्टूल ओढून फोनजवळ बसली. एक वाजेपर्यंत बसली होती. तोवर मी पोरांचे सगळे कपडे धुऊन टाकले, धुतलेले होते तेसुद्धा.

सोमवार, २० मे

आज मी स्वतःच बघायचं ठरवलं. डब्याबिब्याचं काम नाही. मुंगी माझ्या पायांवर झोपलेली, पोरं रांगेत. मोठ्या पातेल्याचं झाकण उंचावरून फरशीवर सोडलं.

आठही पोरं एका सुरात रडली. गोगलगाय तर आडवाच झाला. शेजारीण धावत आली, कोण पडलं म्हणून.

मुंगी झोपेतच होती. पापणीसुद्धा हलली नाही. श्वास तसाच, पोट वर-खाली, वर-खाली. मी झाकण उचलून परत टाकलं. मग तिसऱ्यांदा टाकलं नाही.

दिवा बिघडला नव्हता.

मंगळवार, २१ मे

दुपारी शेजारणीला पोरं सांभाळायला बसवलं आणि घड्याळजीच्या दुकानात गेले. एवढंसं दुकान, भिंतीवर पंचवीस घड्याळं, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"आजी? पोराला काय झालं?"

"पोराला काही नाही. तुला विचारायला आले. तू आमच्या सूनबाईला ओळखतोस किती?"

त्यानं भिंग काढलं. "म्हणजे?"

"दारात अकरा मिनिटं बोलता. काय बोलता?"

"पोराचं. त्याच्या अंगावर परत पुरळ आलंय, ते. तिच्या बाळाच्या कानाचं. रडत होती त्या दिवशी. तुमच्यासमोर रडता येत नाही म्हणाली."

मी म्हटलं, "गोल फिरवू नकोस. सरळ सांग, तुझ्या तोंडचं तिनं कधी काही घेतलंय? उष्टं, पेल्यातलं, काहीही?"

तो माझ्याकडं असा बघत बसला की जणू माझाच काटा अडकलाय. मग त्याला उमगलं मी काय विचारते ते. आधी कानापर्यंत लाल झाला. वाटलं, आता हा मला दुकानाबाहेर काढणार. पण शांत माणूस आहे, दिवसभर बारीक स्क्रू फिरवतो.

"माझं कशाला खाईल ती?" तो म्हणाला. "माझ्या पोराचं रोज खाते. सगळ्यांच्याच पोरांचं. दुपारी पोराला बघायला येतो तेव्हा दारातून दिसतं की. तुम्ही सगळ्यांना भरवता आणि चमच्यासकट ताटली तिच्या हातात देता. ती तोंड वाकडं करते आणि खाते. मला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल."

पंचवीस घड्याळं टकटक करत होती. त्यालाच वाटलं की जास्त झालं. म्हणाला, "बसा आजी, पाणी घ्या." मी पेला हातात घेतला आणि खाली ठेवला.

घरी आले. कागद काढला. बोट पाचव्यावरून उचलून पहिल्यावर ठेवलं. लाळ. खाली बारीक अक्षरात होतं, ते मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं: लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू महिनोन्‌महिने असू शकतो, मूल धडधाकट दिसत असलं तरी. गरोदर बाईनं लहान मुलांचं उष्टं खाऊ नये, त्यांचा चमचा, पेला वापरू नये, लाळ पुसल्यावर, लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुवावेत.

सूनबाई मुंगीचे कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "हॉस्पिटलचा फोन आला होता. बाळाला घेऊन बोलावलंय. परवापर्यंत."

"कधी आला?"

"शुक्रवारी."

तिच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. ती आत गेली आणि मुंगीची पिशवी भरायला लागली. तपासणीची खोली उद्या सकाळीच उघडणार, तरी आत्ताच.

बुधवार, २२ मे

हॉस्पिटल. मुंगीच्या लंगोटाच्या जागी एक चिकटपट्टीची पिशवी लावली, लघवी धरायला. तोंडात कापसाची काडी फिरवली. पोरीनं काडी चोखली, तिला वाटलं जेवण आलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विसावा दिवस. फारच ताणलंत."

सूनबाई म्हणाली, "निरोप उशिरा मिळाला." माझ्याकडं बघितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "लहान मुलांशी संबंध येतो का तुमचा?"

"घरात पाळणाघर आहे."

"गरोदरपणात मुलांचं उष्टं खाणं, त्यांच्याच चमच्यानं खाणं, असं काही?"

सूनबाई तळहात बघत म्हणाली, "कधीतरी."

कधीतरी! सात महिने, सुट्टीचे दिवस सोडून रोज. मी शेजारच्याच खुर्चीत होते. बोलायला हवं होतं. घसा बसला होता असं लिहायला हरकत नाही, पण तो बसला नव्हता.

डॉक्टरीणबाईच पुढं बोलल्या. नेमका कुठून लागला हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. यात कुणाचा दोष काढू नका. मी विचारलं, "मी सव्वीस वर्षं पोरांचं उष्टं खाते, मला कसं काही नाही?" त्या म्हणाल्या, "आजी, तुम्हाला लहानपणीच होऊन गेला असेल. भावंडांमध्ये वाढलात ना? तुमच्या अंगात तो पन्नास-साठ वर्षं झोपलेला असेल. यांच्या अंगाला तो नवा होता."

म्हणजे माझं अंग पुरावा धरून मी तिला भरवत होते.

सोमवार, २७ मे

निघालं. दोन्ही नमुन्यांत. पोटात असतानाच झालंय. औषध आहे, पण गेलेलं सगळं परत आणणारं नाही. आहे तेवढं टिकावं, जमलं तर थोडं सुधारावं, म्हणून. सहा महिने, दिवसातून दोनदा, आणि मधून मधून रक्त तपासायचं, कारण औषधानं रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात. मी विचारलं, "औषधाचाच त्रास होतो तर द्यायचं कशाला?" आजवर मला कुठल्याच बाटलीचा भरवसा वाटलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी ते सगळं दोनदा समजावलं. सूनबाईला पहिल्याच वेळी कळलं होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं ते सवयीनं.

डाव्या कानाला थोडं येतं म्हणे. उजव्याला जवळजवळ नाही. पुढंही कमी होऊ शकतं, म्हणून दर काही महिन्यांनी तपासत राहायचं. यंत्र लावता येईल.

बुधवार, २९ मे

औषध सुरू. मुंगी थुंकते. सूनबाई पिचकारीनं गालाच्या आतून सोडते, थेंब थेंब. मला देऊ देत नाही. मी मागितलंही नाही.

आज आठ वाट्या, आठ चमचे मांडले. चमच्यांच्या दांड्यांना आठ रंगांचे दोरे. पोरं जेवेनात. एकमेकांच्या वाटीत बघत बसली. दुपारपर्यंत मी घामाघूम. शेजारीण म्हणाली, "मी हेच करत होते तर मला नावं ठेवलीत." म्हटलं, "तेव्हा तू बरोबर होतीस, पण फुशारकी मारू नकोस."

लाल दोऱ्यावालीच्या आईला पुन्हा दिवस गेलेत. तिला दारातच धरलं. सगळं सांगितलं, हात धुवायचं, तोंडाचा मुका घ्यायचा नाही, उष्टं खायचं नाही, तुझ्या डॉक्टरला विचार. ती म्हणाली, "पण आजी, तुम्हीच तर म्हणायचात, लेकरांचं उष्टं काय विष आहे का." म्हटलं, "म्हणायचे. आता नाही म्हणत. धू हात."

शनिवार, १ जून

मुलानं गेल्या रविवारी फोन केला नाही. सूनबाई फोनजवळ बसून होती. आठवडाभर तिच्या मोबाइलवरही काही नाही. आज तिनं विचारलं, "अहो आई, एकोणिसाव्या तारखेला तुम्ही त्याच्याशी बोललात ना? काय म्हणाला होता?"

पोरांना आज सुट्टी होती. खोलीत ती, मी आणि मुंगी. मी सगळं सांगितलं. 'हो, मीच' पासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, घड्याळजीच्या दुकानापर्यंत. माझ्या मनात काय होतं तेसुद्धा.

तिनं मुंगीला पाळण्यात ठेवलं, आधी ते नीट केलं. मग म्हणाली, "सात महिने तुमच्या भीतीनं मी ते खाल्लं. आणि तुम्ही माझ्यावर तो आळ घेतलात."

"हो."

"आणि माझ्या पोरीचे चार दिवस घालवलेत."

"हो."

"मला माफीबिफी नको आई."

"मी मागितलीही नाही अजून," म्हटलं. "ती नंतर. आधी हे निस्तरायचं."

ती म्हणाली, "उद्या त्याचा फोन आला तर मी काय सांगू? कुठून सुरुवात करू? मी निर्दोष आहे, असं म्हणू? माझ्या नवऱ्याला?" आणि मग ती जी रडली, ती माझ्यासमोर रडली. मी पाठीवर हात ठेवला नाही. तिला तो नको होता, एवढं मलाही कळतं.

मी संध्याकाळी त्याच्या बोटीच्या कंपनीत फोन केला. तिथल्या माणसाला सांगितलं, निरोप पोचवा, त्याच्या आईनं उद्या अकराला फोन करायला सांगितलंय, नाही केला तर मी बंदरावर येऊन उभी राहीन. तो म्हणाला, "आजी, कुठल्या बंदरावर?" म्हटलं, "जिथं तो उतरेल त्या."

उद्या तो विचारेल, ताप कुठून आला. सूनबाईनं भिंतीवरच्या फोनला हात लावायचा नाही. शेजारणीनंही नाही. मुंगीचं औषध अकराचंच आहे, सूनबाईनं तिकडं बघायचं. फोन वाजला की मी उचलणार, आणि त्याला जे सांगायचं ते मी सांगणार. माझं सांगून झाल्यावर सूनबाई मागेल तर फोन तिच्या हातात, आणि इतके दिवस गप्प का होता, याचं उत्तर तेव्हा त्यानं बायकोला द्यायचं.